चुडाव्याचा ध्रुव

चुडाव्याहून ध्रुवतारा फार खाली दिसतो. पूर्णा आणि नांदेड यांच्यामधले, लोहमार्गावरचे हे परभणी जिल्ह्यातील गाव सुमारे १९.२ अंश अक्षांशावर आहे, आणि ज्या स्थळाचा जितका अक्षांश तितक्याच अंशांवर तिथल्या क्षितिजापासून आकाशाचा ध्रुवबिंदू असतो. हात सरळ लांबवून मूठ आकाशाकडे धरली तर ती साधारण दहा अंश झाकते. चुडाव्याच्या उत्तर क्षितिजावर अशा दोन मुठी एकावर एक ठेवल्या की ध्रुव आला. लंडनच्या माणसाला पाच मुठी रचाव्या लागतात. आपल्याकडच्या या दोन मुठींच्या पट्ट्यातच हिवाळ्याची धूळ, संध्याकाळच्या चुलींचा धूर, बांधावरच्या बाभळी आणि वसमतच्या बाजूचा पिवळसर उजेड हे सारे दाटीने राहतात, आणि ध्रुवाने त्यांच्यातून वाट काढून आपल्याला दिसावे अशी आपली अपेक्षा असते.

ज्याला नुसतेच आकाश पाहायचे आहे त्याला याची फिकीर करण्याचे कारण नाही. फिकीर सुरू होते ती कॅमेरा दुर्बिणीला जोडला की. मृग नक्षत्रातील त्रिकांड बाणाच्या पूर्वेकडील ताऱ्याजवळ, घोड्याच्या मानेसारख्या आकाराचा एक काळा धूलिमेघ मंद तांबूस प्रकाशावर उमटलेला आहे. डोळ्यांना तो दिसत नाही. कॅमेऱ्याने दोन-दोन मिनिटे टक लावून पाहिले आणि अशी साठ-सत्तर चित्रे एकावर एक रचली, तर हळूहळू तो प्रकट होतो. पण त्या दोन मिनिटांत पृथ्वी थांबत नाही. आकाश सेकंदाला १५ विकला या वेगाने सरकते. दोन मिनिटांत ते अर्धा अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या रुंदीइतके, पुढे गेलेले असते. म्हणून दुर्बीण अशा माउंटवर बसवतात की ज्याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी समांतर असेल. मग त्या एकाच अक्षाभोवती २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी या संथ गतीने मोटर दुर्बीण फिरवत राहते आणि तारा जागच्या जागी राहतो. अक्ष समांतर करण्याच्या या कामाला पोलर अलाइनमेंट म्हणतात. आम्ही आपसात त्याला ‘ध्रुव साधणे’ म्हणतो.

आम्ही म्हणजे दोघे. एक मराठी शिकवतो, दुसरा भौतिकशास्त्र. यंत्र दुसऱ्याचे, पण त्याच्याविषयीचे वाद समाईक. गेल्या दोन हिवाळ्यांतल्या अमावास्यांना आम्ही चुडाव्याच्या शिवारात एका ओळखीच्या शेतावर गेलो आणि त्यांतल्या बऱ्याच रात्री ध्रुव साधण्यातच सरल्या. चित्रांतले तारे ठिपक्यांसारखे येत नव्हते. ते तांदळाच्या दाण्यांसारखे येत होते, आणि कधी त्या दाण्यांची शेवई होत होती.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हे वाचन आवडण्याजोगे आहे, कारण ताऱ्याच्या रेघेला चक्क व्याकरण असते. दोष कोणता आहे हे रेघच सांगते, फक्त ती कोणत्या दिशेला आहे हे आधी कळले पाहिजे. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. क्षणभर मोटर बंद करून एक चित्र घ्यायचे. तारे पश्चिमेकडे ओढले जातात आणि ती ओढ म्हणजे त्या चित्रातली पूर्व-पश्चिम रेषा. आता रेघ जर पूर्व-पश्चिम मागे-पुढे झुलत असेल तर दोष दातेरी चक्राचा. आमच्या माउंटातल्या मोठ्या चक्राला १८० दाते आहेत. १४३६ मिनिटांना १८० ने भागले की आठ मिनिटांच्या जवळ येते, आणि खरोखरच दर आठ मिनिटांनी तोच झोका पुन्हा येतो. सगळ्याच ताऱ्यांना अचानक आकड्यासारखा बाक आला असेल तर धक्का: वारा, कोणाचा पाय, किंवा पूर्ण्याकडून येणारी मालगाडी. (मालगाडीच्या आकड्याला आम्ही नंतर नंतर प्रेमाने वागवू लागलो, कारण तो एकाच चित्रात येतो आणि निघून जातो.) पण रेघ जर शांतपणे, हिसका न देता, एकाच बाजूला, उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकत असेल, आणि चित्रामागून चित्र तशीच सरकत राहिली असेल, तर अक्ष ध्रुवाकडे नाही. आमच्या रेघा अशा होत्या.

इथे कोणीही जाणकार म्हणेल की दुसरा छोटा कॅमेरा लावा, त्याला एका ताऱ्यावर नजर ठेवू द्या, आणि तारा सरकला की तो मोटरला दटावील. हा उपाय सर्वत्र वापरतात आणि तो चांगला आहे. मात्र अक्ष फारच वाकडा असेल तर त्यात एक गंमत होते. पाळत ठेवलेला तो एक तारा अगदी स्थिर राहतो आणि चित्रातले बाकीचे सगळे त्याच्याभोवती बारीक वर्तुळांत फिरू लागतात. दोष तसाच असतो, त्याचा फक्त मध्यबिंदू आपल्या सोयीचा होतो. आमच्यातल्या मराठीच्या माणसाने यावर समीक्षेतल्या काही प्रघातांची उदाहरणे दिली. ती इथे नकोत.

ध्रुव साधायचा म्हणजे अक्ष ध्रुवताऱ्याकडे करायचा, असा समज सरसकट असतो. तो पुरेसा नाही. ध्रुवतारा ध्रुवावर नाही. आज तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे ३८ कला दूर आहे, म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीहून जास्त, आणि इतर ताऱ्यांसारखाच तोही दिवसाला एक फेरी मारतो. त्याचे वर्तुळ लहान, इतकेच. चुडाव्याहून तो कधी साडेअठरा अंशांच्या थोडा वर असतो तर कधी पावणेवीसच्या पुढे. माउंटच्या अक्षातच बसवलेली एक बोटभर दुर्बीण असते, पोलर स्कोप. तिच्या काचेवर घड्याळाच्या तबकडीसारखे वर्तुळ कोरलेले असते. या घडीला ध्रुवतारा त्या वर्तुळावर कुठे असायला हवा हे फोन सांगतो, आणि तिथे त्याला आणून बसवायचे असते. मग जिथे काहीच नाही, एकही तारा नाही, तो वर्तुळाचा रिकामा मध्य म्हणजे ध्रुव.

ही रिकामी जागा आमच्यातल्या मराठीच्या माणसाला पुष्कळ दिवस पुरली. आपल्या भाषेत ध्रुव म्हणजे अढळ. गाण्यात ज्या ओळीकडे पुन्हा पुन्हा परतायचे ते ध्रुवपद. लग्नात वधूला ध्रुव दाखवायचा तो तिने त्याच्यासारखे स्थिर व्हावे म्हणून, असा गृह्यसूत्रांपासूनचा आचार आहे. पण ज्याच्याकडे बोट दाखवून हे सांगितले जाई तो तारा कोणता? पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो आणि एका डुलण्याला सुमारे २५,८०० वर्षे लागतात. त्यामुळे ध्रुवपदावरचा तारा बदलत राहतो. इसवी सनापूर्वी २८०० च्या सुमारास तिथे कालिय समूहातील एक मंद तारा होता, ज्याला पाश्चात्त्य ठुबान म्हणतात. पुढे दीर्घ काळ त्या जागेच्या अगदी निकट ठळक तारा नव्हताच. आजचा ध्रुवतारासुद्धा १९०० साली ध्रुवबिंदूपासून सव्वा अंशाच्या जवळपास दूर होता. तो अजून जवळ येतो आहे, सन २१०० च्या सुमारास सर्वांत जवळ येईल आणि मग दूर जाऊ लागेल.

१८९३ साली लोकमान्य टिळकांनी ‘ओरायन’मध्ये नेमके हेच डुलणे हाताशी धरून वेदांचा काळ मोजायचा प्रयत्न केला, मृगातल्या ताऱ्यांवर संपात केव्हा होता हा त्यांचा प्रश्न. त्याच सुमारास, त्यांच्यापासून स्वतंत्रपणे, हेर्मान याकोबी या जर्मन पंडिताने विवाहातल्या ध्रुवदर्शनावरून ठुबानच्या काळाकडे बोट दाखवले. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे भरपूर वाद झाला आणि आज ते कालमान फारसे कोणी मान्य करत नाही. आम्हाला त्यात महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. स्थैर्याच्या प्रतीकाचे वय काढायचे तर त्याची अस्थिरता मोजावी लागते, हे या दोघांनी इतक्या सहजपणे गृहीत धरले. परंपरेलाही याची कुणकुण होती असे दिसते. मैत्रायणीय उपनिषदात जगाच्या नश्वरतेची यादी येते. समुद्र आटतात, पर्वत कोसळतात, आणि त्याच यादीत ध्रुवाचे ढळणेही आहे. विष्णुपुराणातला ध्रुवसुद्धा अमर्याद काळासाठी तिथे बसलेला नाही. त्याला कल्पाची मुदत आहे. भागवतात तो आधी ३६,००० वर्षे पृथ्वीवर राज्य करतो, म्हणजे अक्षाच्या एका पूर्ण डुलण्याहूनही जास्त. हा योगायोग आहे आणि त्यातून काही सिद्ध होत नाही, पण तो आम्ही एकमेकांना दोनदा सांगितला. मुळात ही कथा बापाच्या मांडीवरून उठवल्या गेलेल्या पोराची आहे. अढळपद त्याला मिळते, ते त्याचे उपजत नसते, हे आपण कथा सांगताना विसरतो आणि शेवटचा शब्द तेवढा लक्षात ठेवतो.

असो. रेघांकडे वळू.

पहिला संशय हवेवर गेला. वातावरण प्रकाशाला वाकवते आणि ताऱ्याला आहे त्याहून थोडे उंच दाखवते. डोक्यावरच्या ताऱ्याला हा फरक शून्य, क्षितिजावरच्याला अर्धा अंश. चुडाव्याच्या ध्रुवाला, १९ अंशांवर, तो पावणेतीन कलांच्या आसपास येतो. लंडनच्या ध्रुवाला एका कलेहूनही कमी. म्हणजे आपण जो ध्रुव डोळ्यांनी पाहून साधतो तो खऱ्याहून तीन कला वर उचललेला असतो, आणि पुस्तके ज्या अक्षांशांवर लिहिली जातात तिथल्या लोकांना हे जाणवत नाही. पण संशय आणि शिक्षा यांच्यामध्ये हिशोब असावा. अक्ष एक कला चुकला तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकलेहून किंचित अधिक सरकतो. तीन कलांना मिनिटाला पाऊण विकला, दोन मिनिटांना दीड. आमच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल दोन विकलांचा आहे. हवा निर्दोष सुटली.

दुसरा संशय वेळेवर. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि चुडावा ७७ च्या थोडा पुढे. इथला सूर्य घड्याळाच्या २१-२२ मिनिटे मागे चालतो. फोन स्थळाचा रेखांश स्वतःच धरतो, त्यामुळे हा फरक त्याने पोटात घेतलेला असतो. हाताने तबकडी फिरवून वेळ जुळवणाऱ्या जुन्या पोलर स्कोपवर तो विसरला गेला, तर ध्रुवतारा वर्तुळावर साडेपाच अंश पुढे-मागे बसतो आणि साडेतीन कलांचा घोळ होतो. आमच्या शेवयांना तेवढा घोळ पुरणारा नव्हता.

तिसरा संशय यंत्राच्या घडणीवर, आणि इथे पहिला गुन्हेगार सापडला. आपल्या हौशी दुर्बिणींचे माउंट ज्या जातीचे असतात ती फ्राउनहोफरने १८२४ साली डोर्पाटच्या मोठ्या दुर्बिणीसाठी रूढ केली. म्हणून तिला जर्मन म्हणतात. डोर्पाट ५८ अंशांवर आहे. दोनशे वर्षांनंतरही या जातीच्या अंगात उत्तरेकडचा अक्षांश आहे असे कधी कधी वाटते. १९ अंशांवर आणायचे तर अक्ष इतका लोळवावा लागतो की तोलाचे वजन अडकवलेला दांडा फिरताना तिपाईच्या पायाला भिडतो, आणि उंची बदलण्याचा स्क्रू आपल्या शेवटच्या आट्यांवर येऊन कण्हतो. हे सगळे सहन होते. पण आमच्या माउंटच्या पोलर स्कोपची काच कारखान्यातूनच मध्यावर बसलेली नव्हती. ओळखायची रीत सोपी आहे: दिवसा दूरच्या विजेच्या खांबाचे टोक वर्तुळाच्या मध्यावर आणायचे आणि माउंट स्वतःच्या अक्षाभोवती अर्धा फिरवायचा. टोक मध्यावर राहिले तर काच बरोबर. आमचे टोक मध्यावरून निघून पार अर्धा अंश पलीकडे गेले. अर्ध्या फेरीत चूक दुप्पट दिसते, म्हणून खरी चूक त्याच्या निम्मी, १५ कला. काचेच्या कडेला मुंगीच्या डोक्याएवढे तीन स्क्रू असतात. एक सैल केल्याशिवाय दुसरा आवळायचा नाही, आणि दर वेळी फिरवून पाहायचे. एक दुपार गेली. टोक मध्यावर थांबले.

तरीही आता काचेवर विसंबायचे नाही असे ठरले. पौष अमावास्येच्या आसपासच्या एका रात्री आम्ही ताऱ्यांनाच साक्षीला बोलावले. या पद्धतीत ध्रुवाकडे पाहावेच लागत नाही, हे आपल्याकडच्या धुरकट उत्तरेसाठी मोठे सुख आहे. दक्षिणोत्तर रेषेवर आलेला, विषुववृत्ताजवळचा एक तारा घ्यायचा. रात्री दहाच्या सुमारास त्रिकांड बाणाचा पश्चिमेकडील तारा अशा जागी असतो. तो जवळजवळ विषुववृत्तावरच आहे. मोटर चालू ठेवून त्याच्याकडे पाच-दहा मिनिटे नुसते पाहायचे. तो दक्षिणेला सरकला तर अक्षाचे तोंड ध्रुवाच्या पूर्वेला आहे, उत्तरेला सरकला तर पश्चिमेला. त्याप्रमाणे माउंट किंचित वळवायचा, पुन्हा पाहायचे. तारा उत्तर-दक्षिण हलेनासा झाला की पूर्वेकडचा एक तारा घ्यायचा, आश्लेषेतला चालतो. तो दक्षिणेला गेला तर अक्ष खाली आहे, उत्तरेला गेला तर वर. उंची बदलली की दिशा थोडी बिघडते, म्हणून पुन्हा पहिल्या ताऱ्याकडे. हे येरझाऱ्यांचे काम आहे आणि थंडीत ते बोलत-बोलतच करावे. अकरापर्यंत दोन्ही तारे शांत झाले. मिनिटाला अर्धी विकलासुद्धा हालचाल उरली नाही. चित्रे सुरू केली, आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तारे खसखशीसारखे गोल आले.

एक वाजता ते पुन्हा दाणे झाले होते.

सगळी चित्रे ओळीने लावून पाहिली तेव्हा ती हालचाल केव्हा सुरू झाली हे मिनिटाच्या हिशोबाने सांगता येत होते. साडेबारापर्यंत काहीच नाही. त्यानंतर सगळे आकाश चित्राच्या एका कोपऱ्याकडे निघते, आधी हळू, मग जरा घाईने, आणि पुढच्या तासाभरात पुन्हा मंदावते. स्क्रू सैल पडला तर सरक एकदम येते, अशी रांगत येत नाही. दुर्बिणीचे वजन बाजू बदलल्याने माउंट वाकला असेल तर त्याचा मेळ मृग पश्चिमेला कलण्याशी बसायला हवा होता. तो बसत नव्हता. आम्ही पुन्हा यंत्राभोवती फिरत होतो तेव्हा शेताचे मालक, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, बॅटरी घेऊन हरभऱ्याच्या कडेने आले. त्या आठवड्यात शेतीच्या विजेची पाळी रात्रीची होती आणि बारा वाजता त्यांनी शेजारच्या तुकड्यातल्या गव्हाला पाणी सोडले होते. त्यांनी तिपाईच्या बांधाकडच्या पायाशी बॅटरी धरली.

“काळी हाय ही, सर. हिच्यावर घर उभं राहीना, अन् तुमच्या ह्या तीन पायांचं काय घेऊन बसलात?”

मराठवाड्यातल्या कोणालाही हे वाक्य नवे नाही. गावाच्या भाषेत जमीन दोन प्रकारची: काळी आणि पांढरी. काळी पिकवायची, पांढरीवर राहायचे. गावठाणाला पांढरी म्हणतात हे आम्ही ग्रामीण साहित्य शिकवताना शब्दार्थ म्हणून फळ्यावर किती तरी वेळा लिहिले आहे. तो भूगर्भाचाही निवाडा आहे. दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन झालेल्या या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते; उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर बांधलेली भिंत वर्षातून एकदा वर आणि एकदा खाली जाते आणि कोपऱ्यापासून तडकते. म्हणून पूर्वजांनी घरे तिच्यावर बांधली नाहीत. आमच्या तिपाईच्या पायांमधले अंतर साधारण एक मीटर आहे. एक पाय एक मिलिमीटर खचला की अक्ष सुमारे साडेतीन कला कलतो. ओल पाझरत आलेल्या पायाखाली तीन मिलिमीटरही गेले असतील तर दहा कला झाल्या. ताऱ्यांची चाल पाहता तेवढे गेलेच होते. ज्या दिशेला तारे निघाले होते ती दिशा आणि ओला पाय यांचा मेळ भौतिकशास्त्राच्या माणसाने कागदावर बसवला, आणि तो बसला.

आता उपाय काय? वेधशाळा करतात तोच सर्वांना सुचतो: खोल पाया खणून काँक्रीटचा खांब उभारायचा, त्याच्यावर माउंट कायमचा बसवायचा, ध्रुव एकदाच साधायचा आणि विसरून जायचा. चुडावा ज्या राज्यात १९४८ पर्यंत होता त्या निजामाच्या हैदराबादेत अशी वेधशाळा होती. १९०१ च्या सुमारास नवाब जफर जंग यांनी ती खाजगी हौस म्हणून सुरू केली, पुढे राज्याने ताब्यात घेतली. आकाशाचा छायाचित्रीय नकाशा करण्याच्या, १८८७ साली पॅरिसला ठरलेल्या आंतरराष्ट्रीय योजनेतला दक्षिणेकडचा १७ ते २३ अंशांचा पट्टा तिच्या वाट्याला आला, आणि आठ इंची दुर्बिणीने काचेच्या पट्ट्यांवर तिथल्या लोकांनी तो वर्षानुवर्षे टिपला. त्या काळी आमच्या आजोबांची पिढी परभणी-नांदेडात उर्दू शाळांत शिकत होती आणि त्यांच्याच राजधानीत कोणी तरी रात्रभर एका ताऱ्यावर डोळा ठेवून दुर्बिणीचा वेग सांभाळत बसलेला होता. त्यांचा खांब मात्र हैदराबादच्या खडकावर होता. काळीत तसा खांब टिकवायचा तर मातीचा थर ओलांडून मुरमापर्यंत जावे लागेल, आणि तो थर इथे कित्येक फूट खोल असू शकतो.

खर्चाची तयारी आम्ही दाखवली. मामांनी नकार दिला, आणि त्यांचे कारण आमच्या ध्यानीमनी नव्हते. जी जागा आम्ही मागत होतो ती बांधालगतची होती. बांधाच्या पलीकडचे भाऊबंद. मोजणी दोनदा झालेली आणि दोन्ही वेळा एका बाजूला अमान्य. अशा ठिकाणी काँक्रीटचा खांब उभा राहिला की तो दुर्बिणीचा आहे की हद्दीचा, हे कोर्टात सांगत बसावे लागते. “आज तुम्ही चांदण्या बघाया रोवला, उद्या त्यो म्हणंल माझ्या हद्दीत रोवला. काढायचा कुणी?” या मातीत हद्दीचे दगडसुद्धा जागचे हलतात, नांगराने हलतात तितकेच मातीच्या फुगण्यानेही, आणि मग माणसे त्या चार बोटांसाठी आयुष्यभर एकमेकांशी बोलत नाहीत. आमची साडेतीन कलांची अडचण आणि त्यांची चार बोटांची अडचण या एकाच चिकणमातीतून येतात. फरक असा की आमचे चित्र बिघडते, आणि त्यांच्या घरात दिवाळीला एक पंगत कमी बसते.

मातीखालच्या जमिनीविषयीही बोलून घेतले पाहिजे. इथून फार लांब नाही अशा औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा होत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. तिला हवी असलेली निश्चलता आमच्या कल्पनेपलीकडची आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंतल्या आरशांमधील अंतर अणुकेंद्रकाहूनही कितीतरी लहान मापाने बदलले तर ते कळले पाहिजे. त्याच हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ च्या पहाटे ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, जुलैत तितकाच पुन्हा झाला, आणि दोन्ही परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. १९९३ चे किल्लारी ज्यांना आठवते ते लोक त्या दिवशी पुन्हा घरात जायला तयार नव्हते. ‘धरणी’ या शब्दात धरून ठेवणे आहे. मामांनी त्या पहाटेचे वर्णन करताना तो शब्द वापरला नाही. ते ‘भुई’ म्हणाले.

राहता राहिली पांढरी. गावठाणात जमीन घट्ट आहे, चावडीसमोर जुना दगडी ओटा आहे, आणि डोक्यावर पांढऱ्याफेक दिव्यांची रांग आहे. तिथे तारा अजिबात ढळणार नाही आणि दिसणारही नाही. काळीत अंधार आहे, पांढरीत आधार. दोन्ही एका ठिकाणी मिळावेत म्हणून आम्ही गावाच्या शिवेवर चार संध्याकाळी भटकलो. शेवटी मामांनीच त्यांच्या आखाड्यावरचे जुने खळे दाखवले. खळ्यासाठी तिथे त्यांच्या वडिलांनी कधीकाळी मुरूम टाकून, पाणी मारून, बैल फिरवून जमीन चोपली होती. मळणीयंत्र आल्यापासून खळे पडीक आहे, पण जमीन तशीच टणक. बाजूला कडब्याची गंजी आहे, तिने वसमतचा उजेड अडतो. तिने ध्रुवही अडतो, पण ताऱ्यांच्या साक्षीची पद्धत हाताशी असल्याने आमचे काही बिघडत नाही.

तिथे आम्ही शहाबादी फरशीचे तीन तुकडे मुरमात सपाट बसवले आहेत आणि प्रत्येकावर तिपाईच्या पायाच्या टोकापुरती खळी कोरून घेतली आहे. त्यामुळे माउंट दर वेळी जवळपास आदल्याच जागी उभा राहतो. जवळपासच; प्रत्येक खेपेला दोन-चार कलांचा फरक येतो, पावसाळ्यानंतर त्याहून जास्त, आणि बाणाचा तारा व आश्लेषेचा तारा यांच्यामध्ये अर्धा-पाऊण तास येरझाऱ्या घालाव्याच लागतात. विजेची पाळी रात्रीची असली की मामा बाराच्या आधी फोन करतात. मग आम्ही चालू असलेले चित्र पुरे होऊ देतो, पाणी सुटून तास झाला की एकदा तारा तपासतो, आणि सहसा काही करावे लागत नाही. गेल्या माघातल्या दोन रात्रींची मिळून एकशे दहा चित्रे टिकली. त्यांत घोड्याची मान आली आहे, कानाचे टोक जरा पुसट आहे. सात चित्रांत मालगाडी आहे.